पोरीला कपडे स्वतःच घालायचेत आणि घरात कुणालाच वेळ नाही

बोरीकाठची
नमस्कार मंडळी. आम्ही अमळनेरला, एकत्र कुटुंबात. लेक आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तीन वर्षांची होईल. सध्या तिचं एकच पालुपद, "मीच घालसू!" अहिराणी सासूबाईंकडून उचललीय, हट्ट कुणाकडून ते सांगत नाही.

चड्डीच्या एकाच पायात दोन्ही पाय घालते, उभी राहते, पडते, चिडते. हात लावायला गेलं की आणखी चिडते. फ्रॉकच्या बाहीतून डोकं बाहेर काढायचे प्रयत्न चालू असतात. मग सासूबाई म्हणतात, "ऱ्हाऊ दे व माय, मी घाली देस," आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत पोरगी तयार. पण ती लगेच सगळं काढून फेकते आणि पुन्हा श्रीगणेशा. मला सकाळी शाळेवर जायचं असतं, बस कुणासाठी थांबत नाही.

साधारण कोणत्या वयात काय जमायला हवं? तिला घालू द्यावं की सासूबाईंचं ऐकावं? आणि कपडे घेताना काही बघावं लागतं का? मी आजवर फक्त रंग आणि किंमत बघत आलेय.

शेवभाजी_फॅन
दोन्ही पाय एका पायात घालून उभं राहणं सोपं नाही ताई. लग्नाच्या घाईत मला अजून जमतं ते.

नाना_धुळेकर
हे नवीनच खूळ. आम्ही सहा भावंडं. माय पहाटे निंदायला जायची. कोण घालून देत होतं कपडे? आपसूक शिकलो. आता एक पोर आणि त्याच्यामागे चार माणसं, म्हणून हे प्रश्न पडतात. पोरीला करू द्या, पडली तर पडली.

रेवा_भुसावळ
नाना, निम्मं पटलं. पण तुमच्या वेळी तिसऱ्या वर्षापर्यंत पोराच्या अंगात झबलं असायचं आणि खाली वाऱ्याची झुळूक. पुढे मोठ्या भावाचा ढगळ सदरा. त्यात हात कुठूनही घाला, बाहेर येतोच. आता दोन वर्षांच्या पोराला खिसे, चेन, हूक आणि वर पट्टा असलेली घट्ट जीन्स. ती माझ्या नवऱ्यालाही पोराच्या अंगात घालता येत नाही, पोर कुठून घालणार?

बोरीकाठची, मला वाटतं निम्मं भांडण पोरीशी नाही, कपड्यांशी आहे. तिच्या कपाटातले हूक, पाठीमागची चेन आणि अरुंद गळे बाजूला काढून बघ.

तापी_पूर्णा
+1. पाठीमागची चेन ज्याने शोधली त्याला एकदा ती स्वतःची स्वतः लावायला लावावी.

सुईदोरा_चोपडा
माझं शिलाईचं दुकान आहे, वडलांपासूनचं. लहान पोरांचे कपडे आता कोणी शिवून घेत नाही, रेडिमेडच आणतात. पण ते उसवायला, सैल करायला माझ्याकडेच येतात, म्हणून थोडं सांगतो.

पहिला गळा. लहान पोराचं डोकं अंगाच्या मानाने मोठं असतं. मोठ्या माणसाच्या शर्टाचं माप लहान करून कपडा बेतला की गळा डोक्यात अडकणारच. पोर घाबरतं ते तिथेच, कारण डोळ्यांपुढे अंधार होतो. जुन्या झबल्याला खांद्यावर दोन टिचबटणं असायची ती उगाच नाही. टीशर्ट घेताना दुकानातच गळा दोन्ही हातांनी ताणून बघा. ताणून परत जागेवर आला तर घ्या.

दुसरी बाही. बाही जिथे खांद्याला जोडतात तो घेर मोठा पाहिजे. खांद्यापासून थेट गळ्यापर्यंत तिरपी शिवण असलेली बाही सगळ्यात चांगली, कोपर वाकवून हात आत जातो.

तिसरी चड्डी. नेफ्यात रुंद आणि मऊ इलॅस्टिक घाला. बारीक इलॅस्टिक गुंडाळलं जातं आणि पोराला वर ओढता येत नाही, वर करदोड्याजवळ वळही उठतात. माझी एक युक्ती आहे. नेफ्याच्या दोन्ही बाजूंना आतून बोटभर नाडीचा लूप शिवून देतो. पोर त्यात अंगठे अडकवतं आणि ओढतं. पैसे घेत नाही त्याचे.

बटण पाहिजेच असेल तर मोठं आणि चपटं. काजही थोडं सैल ठेवायचं. चेन असेल तर तिच्या टोकाला चावीची जुनी रिंग लावा, इवलंसं लोखंडी टोक पोराच्या चिमटीत येत नाही.

आणि पुढचं-मागचं कळत नसेल तर मागच्या बाजूला आतून रंगीत दोऱ्याचे चार टाके घाला. पोराला सांगा, लाल टाका पाठीला.

रेवा_भुसावळ
अंगठ्याचा लूप! दादा, चोपड्याला येते आहे, पिशवी भरून चड्ड्या घेऊन.

पांझरा
सुईदोरा दादांच्या पोस्टीला जोड. टोपीच्या जॅकेटला गळ्याशी नाडी असते ती घेतल्या घेतल्या ओढून काढून टाका. घसरगुंडीच्या फटीत किंवा पाळण्याच्या कडीत अडकली की फास बसतो. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने 1996 मध्येच मुलांच्या कपड्यांना टोपीत आणि गळ्याशी नाडी नको अशी मार्गदर्शक तत्त्वं काढली होती. आपल्याकडच्या बाजारात नाडीवाली जॅकेटं अजून सर्रास टांगलेली दिसतात. धुळ्याच्या थंडीत जॅकेट लागतंच, पण नाडी लागत नाही. टिचबटण पुरतं.

हातोटी
मी मूळची जळगावची, आता नाशिकला लहान मुलांची ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे रोजची कामं स्वतः करायला शिकवते. वयाचं विचारलंय म्हणून लिहिते. हे अंदाज आहेत, परीक्षेचं वेळापत्रक नाही.

पोरं आधी काढायला शिकतात, मग घालायला. वर्षाच्या आसपास मूल मोजे आणि टोपी ओढून फेकतं, बाहीत हात घालताना स्वतःहून हात पुढे करतं. दीड-दोनला बूट काढतं. दोन-अडीचला सैल इलॅस्टिकची चड्डी खाली सरकवतं. तीनच्या सुमाराला चड्डी आणि सैल टीशर्ट घालतं, पण उलटसुलट होतं. मोठी बटणं साडेतीनच्या पुढे. चारच्या आसपास बरंचसं स्वतः करतं, मागचं-पुढचं कळू लागतं. बुटाची लेस पाच-सहाच्या आधी अपेक्षू नका.

म्हणजे बोरीकाठची, तुझी लेक सगळं काढून फेकते हा खोडसाळपणा नाही. तिला काढणं पक्कं येतं आणि घालणं अजून कच्चं आहे, म्हणून ती येणाऱ्या बाजूने सुरुवात करते.

आता सासूबाईंचं. त्यांना बाजूला करू नकोस, त्यांचं काम थोडं आधी थांबव. चड्डी त्यांनीच घालायची, पण गुडघ्यापर्यंतच. वरचं ओढणं पोरीचं. ते जमलं की पुढच्या आठवड्यात घोट्यापर्यंतच आणून सोडायची. मग फक्त पुढ्यात धरायची. असं उलटं, शेवटून सुरुवातीकडे. शेवटचा टप्पा मुलाच्या हाती राहिला की प्रत्येक वेळी "मी केलं" म्हणता येतं. पहिला टप्पा त्याच्याकडे दिला आणि शेवटी मोठ्यांनी घाईत ओढून घेतलं तर हाती फक्त रडणं. बटणाचंही तसंच, काजातून अर्धं बटण बाहेर काढून द्या, उरलेलं तिने ओढायचं. खालचं बटण आधी, कारण ते दिसतं. हनुवटीखालचं सगळ्यात शेवटी.

आणि चड्डी उभ्याने नको. या वयात एका पायावर तोल धरवत नाही. भिंतीला पाठ टेकवून खाली बसव. एका पायात दोन्ही पाय जाण्याचं अर्धं कारण तेच, पडायच्या भीतीने दुसरा पाय मिळेल तिथे घुसतो.

शेवभाजी_फॅन
म्हणजे माझंही निदान झालं. उद्यापासून भिंतीला टेकून.

झेडपी_मास्तर
शहाद्याहून. हातोटी यांनी बटणाचं लिहिलं त्यावरून आठवलं. मॉन्टेसरीबाईंनी 1907 साली रोममध्ये बालगृह काढलं. त्यांच्या साहित्यात लाकडी चौकटी असतात, प्रत्येकीवर कापडाचे दोन पदर, एकीला बटणं, दुसरीला बक्कल, तिसरीला नाडीची गाठ. मूल मांडीवर किंवा टेबलावर घेऊन निवांत उघडझाप करत बसतं. विकतच्या चौकटी महाग असतात. आमच्या शाळेत आम्ही घरचे जुने शर्ट आणून उशांना घातले. पोरं उशांची बटणं लावतात, उशी रडत नाही आणि घाईही करत नाही.

बोटांना ताकद यायला तुरीच्या शेंगा सोलायला द्या, भुईमूग फोडायला द्या. दिवाळीनंतर आपल्याकडे ढीग पडलेला असतो, पोर ताटलीशी बसवा. चिमटीचं काम तिथे होतं, बटण ही पुढची पायरी.

सरला_ताई_शिरपूर
मी अंगणवाडी सेविका आहे. लोकांना आमची खिचडी आणि वजनकाटा माहीत असतो. योजना 1975 ची आहे आणि तीन ते सहा वयाच्या पोरांचं शाळेआधीचं शिक्षणही त्यात येतं, हे विसरतात.

या धाग्यात एक गोष्ट कुणी बोललं नाही, ती मी बोलते. लघवी. पोराला लागलेली असते, सांगतंही ते वेळेवर, पण हूक निघत नाही. मी दुसऱ्याचं नाक पुसत असते तोवर इकडे कार्यक्रम झालेला असतो. मग पोर कोपऱ्यात उभं राहतं आणि आई म्हणते, घरी तर कधी करत नाही. घरी इलॅस्टिक असतं ना बाई! पाहुण्यांत जायची पँट अंगणवाडीला घालून पाठवता.

मी आता पालक सभेत पहिलं हेच सांगते. पोराला स्वतः खाली करता येईल तेच घालून पाठवा, आणि एक जादा चड्डी पिशवीत. एका आजीने ऐकलं आणि नातवाच्या सगळ्या पँटींचे हूक रातोरात उपटले, सुनेच्या नव्या पँटीसकट. त्यावरून घरात काय झालं ते इथे लिहीत नाही.

तापी_पूर्णा
लिहा ना ताई, तेवढ्यासाठीच थांबलोय.

केळीबाग
रावेरहून. आमच्या घरी बारा महिन्यांत फार तर चार महिने कपड्यांचा प्रश्न असतो. मार्च उजाडला की पोरगा चड्डीवर आणि पारा 45 ला टेकला की तीही नको म्हणतो. आम्हीही जबरदस्ती करत नाही. घरात सुती बंडी पुरे. बाहेर न्यायचंच असेल तर पातळ सुती पूर्ण बाह्यांचा सदरा आणि टोपी, उघड्या दंडाला ऊन चावतं.

वैताग आहे तो लग्नसराईचा. नेमकी कडक उन्हाळ्यात लग्नं आणि पोरींना ते जाळीचे घेरदार फ्रॉक. गेल्या वर्षी भाचीला असा फ्रॉक घातला, आत अस्तरसुद्धा नायलॉनचं. कमरेशी जाळीची कड टोचत होती, ती बिचारी दोन्ही हातांनी फ्रॉक अंगापासून लांब धरून चालत होती. सगळे म्हणाले, बघा कशी परीसारखी चालते. अक्षता पडेपर्यंत पाठ घामोळ्यांनी लाल.

रेवा_भुसावळ
त्यावर उपाय, आत जुनी सुती बंडी घालायची, कमरेच्या खालपर्यंत येईल अशी. फोटोत दिसत नाही. आणि एक मोकळा फ्रॉक पिशवीत. फोटो झाले की बदलायचा.

पांझरा
लग्नावरून आठवलं. आमच्या लहानपणी दिवाळीला वडील एकच तागा आणायचे. त्यात चुलत धरून सगळ्या पोरांचे शर्ट, पोरींची परकर-पोलकी आणि उरलेल्याचे उशांचे अभ्रे. गल्लीतून निघालो की बँडपथक चाललंय असं वाटायचं.

नाना_धुळेकर
आमच्याकडे तागा आणला तर खिडकीचे पडदेही त्यातच व्हायचे. लपाछपीला फार उपयोग.

तापी_पूर्णा
😂😂 नाना, आजचा दिवस तुमचा.

गिरणा_पंप
मला वेगळं मत मांडायचंय. वाचायला सगळं छान आहे, पण हे ज्यांच्याकडे वेळ आहे त्यांचं. आम्ही दोघं चाळीसगावहून रोज रेल्वेने अपडाऊन करतो. सकाळी गाडीच्या वेळेला गुडघ्यापर्यंत, घोट्यापर्यंत असले टप्पे कोण मोजणार? मी सरळ कपडे चढवतो, पोरगं काखेत आणि निघालो. वेळ आली की शिकेल. नानांचं बरोबर आहे, कुणी बाविसाव्या वर्षी आईकडून चड्डी घालून घेत नाही.

हातोटी
गिरणा, सकाळी चढवाच. मी कुठे नाही म्हणते? शिकायची वेळ आणि निघायची वेळ एक करू नका एवढंच. संध्याकाळी हातपाय धुऊन घरचे कपडे घालायचे असतात ना, तेव्हा गाडी सुटायची नसते. काढणंही तेव्हाच होतं, ते तर सोपं. सकाळी मोठ्यांचं राज्य, संध्याकाळी पोराचं. पोरांना हा फरक चांगला कळतो, रोज तोच ठेवला तर.

"वेळ आली की शिकेल" हेही बहुतेकांच्या बाबतीत खरं आहे. पण सरलाताईंच्या अंगणवाडीत कोपऱ्यात उभं राहणाऱ्या पोराची वेळ आधीच आलेली असते.

गिरणा_पंप
हे मान्य. संध्याकाळी आजी असते घरी, तिला सांगून बघतो. ती ऐकेल याची हमी नाही.

जामनेरची_मावशी
माझ्या बहिणीचा मुलगा कपडे घालताना फारच रडतो. मानेला लेबल लागलं तरी किंचाळतो, मोज्याची शिवण बोटावर आली की बूट फेकतो. चार पूर्ण झालीत. सगळे म्हणतात लाडावलाय.

हातोटी
मावशी, लाडाचं नाव देऊन मोकळं होऊ नका. काही मुलांच्या कातडीला स्पर्श खरंच जास्त टोचतो. आधी सोपं करा, लेबलं उसवून काढा (कापू नका, कापलेली कड जास्त बोचते), मोजे उलटे घाला म्हणजे शिवण बाहेर, नवे कपडे एकदोनदा धुऊन मगच अंगात. त्याने फरक पडला नाही, किंवा खाणं, केस कापणं, आवाज यातही असाच त्रास असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. घाबरायचं कारण नाही, पण दाखवा.

झेडपी_मास्तर
चपलांचं कुणी बोललं नाही अजून. आमच्या वर्गात निम्म्यांची डावी उजवीत असते.

केळीबाग
मास्तर, एक गोल चिकटचित्र घ्या, बरोबर मधून कापा. अर्धं डाव्या बुटात आत, अर्धं उजव्यात, टाचेपाशी. दोन्ही बूट शेजारी ठेवून वाघ पूर्ण झाला की घालायचे. आमच्याकडे वाघ आहे. पोरगा वाघ जुळवतो बरोबर आणि घालताना परत उलटे घालतो, पण निदान वाघ जुळतो.

शेवभाजी_फॅन
🐯

बोरीकाठची
सगळ्यांचे आभार, जमेल ते करून बघितलं. पाठीमागच्या चेनचे दोन फ्रॉक वर माळ्यावर गेले. चड्डी आता भिंतीला टेकून. गुडघ्यापर्यंतचं काम सासूबाईंकडे दिलं. पहिल्यांदा त्या म्हणाल्या, "आते माले शिकाडतीस का?" पण पोरीने स्वतः वर ओढून "मी घालं!" म्हणून टाळी मागितली, तेव्हा त्यांनी शेजारच्या काकूंना हाक मारून पुन्हा करून दाखवायला लावलं. आता प्रात्यक्षिकासाठी चड्डी दिवसातून उगाचच काढली-घातली जाते.

टीशर्टचं अजून अवघड जातंय. पलंगावर पुढची बाजू खाली ठेवून पसरला आणि खालून आत शिरायला सांगितलं तर डोकं बरोबर जातं, हात मात्र आतच राहतात, आणि ती तशीच घरभर फिरते. सकाळची वेळ मी माझ्याकडेच ठेवलीय, बस तशीही थांबत नाही.

आता पुढचं संकट. जूनपासून शाळा. गणवेश बघून आले, शर्टाला सात बारीक बटणं, पिनाफोरला बाजूला हूक, वर पट्टा आणि टाय. जेमतेम तीन वर्षांच्या पोरीला! शाळेत बोलले तर म्हणाले सगळ्यांना तोच. काय करावं?

सरला_ताई_शिरपूर
टाय 😐

सुईदोरा_चोपडा
ताई, बाहेरून गणवेश तसाच राहील, आतून बदलता येतो. पिनाफोरचा हूक काढून तिथे मोठं टिचबटण लावायचं. ते उघडायला नुसतं ओढलं की झालं, लावायला जोर लागतो, पण शाळेत गरज उघडायचीच जास्त. शर्टाची वरची दोन बटणं सोडून बाकीची काजं बंद करून टाकायची आणि बटणं वरून नुसती दिसायला शिवायची, म्हणजे शर्ट टीशर्टसारखा डोक्यातून जातो. त्याआधी गळा मापून घ्यावा लागेल. टायला इलॅस्टिकचा पट्टा येतो तोच घ्या, गाठीचा नको. घेताना एक माप मोठा घ्या आणि खालची दुमड उसवायला माया आहे का बघा, वर्षभर चालेल. मापाला पोरगी आणा, नुसतं वय सांगून उपयोग नाही.

नाना_धुळेकर
सुईदोरा, एक विचारतो. बोटांना संधिवात झालाय, सकाळी सदऱ्याची बटणं लावायची म्हणजे पाव तास जातो आणि सुनेला सांगायला जिवावर येतं. ते दिसायला बटण आणि आत टिचबटण, असं मोठ्या माणसाच्या सदऱ्याला होतं का?

सुईदोरा_चोपडा
होतं नाना. पण तुमच्यासाठी टिचबटण नको, ते दाबायला अंगठ्यात जोर लागतो. आत वेल्क्रोचे छोटे तुकडे लावू, वर बटणं तशीच शिवू, कुणाला कळणार नाही. धुताना तेवढं वेल्क्रो बंद करून टाकायला सांगा, नाहीतर धोतराला चिकटतं. मापाला यायची गरज नाही, अंगाला बरोबर बसणारा एक जुना सदरा धुळ्याहून कुणाच्या हाती पाठवून द्या.

नाना_धुळेकर
पाठवतो. खिसा मोठा ठेव.